गाडीच्या नावाची मूठ

आमच्या गावाला उतार नाही. तापीच्या काठचं काळं, सपाट रान. गावात चढ म्हणून दाखवायचा तर पाटाचा भराव, मारुतीच्या पाराकडे जाणारी वाट आणि ग्रामपंचायतीच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी केलेला सिमेंटचा उतार, एवढीच मालमत्ता. अशा गावात राहून आमच्या आप्पांनी उतारावरच चालू होणारी गाडी बाळगली. तीही थोडीथोडकी नाही, आठ वर्षं.

आप्पा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्या यंत्रांमागचं तत्त्व माहीत आहे आणि एकाही यंत्राचा स्क्रू कुठे आहे ते माहीत नाही. गाडी त्यांनी घेतली तेव्हा ती चार वर्षांची होती, पांढरी आणि लहान. पुढे दोघं आरामात बसत, मागे तिघं अडचणीत. पहिली तीन वर्षं ती किल्ली फिरवली की सुरू होई. मग स्टार्टर गेला. तो दोनदा दुरुस्त केला, दोनदा पुन्हा गेला, आणि तिसऱ्यांदा आप्पांनी निकाल दिला.

"स्टार्टर खराब नही शे. त्याले आळस शे. मशीनले लाड कये का ते माजस."

तेव्हापासून गाडी उतारावर उभी राहू लागली. उतार असेल तिथे आप्पा ब्रेक सोडत, गाडी आपल्या वजनानं चार हात पुढे जाई, आप्पा दुसऱ्या गेअरमध्ये क्लच सोडत आणि इंजिन खोकत जागं होई. उतार नसेल तिथे मी आणि माय मागून ढकलत असू. आप्पा कधीच ढकलत नसत. ते चालक होते.

यातून आमच्या घराचे नातेसंबंध ठरत गेले. ज्यांच्या दारात उतार त्यांच्याकडे आम्ही सणासुदीला जायचो, बसायचो, जेवायचो. ज्यांच्या दारात सपाट गल्ली त्यांच्याकडे रस्त्यावरून हात करायचो. शहाद्याला माझी आत्या राहते. तिच्या दारावरून आम्ही दोन वर्षं हात करत गेलो, कारण तिची गल्ली परातीसारखी सपाट आणि तिथे दहा बायका ओट्यावर बसलेल्या. त्यांच्यासमोर ढकलायला मायला लाज वाटे. आत्यानं शेवटी गावभर सांगितलं की भावाला निवृत्तीचा गर्व चढला. मायनं एका लग्नात तिला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. पंधरा दिवसांनी आत्यानं स्वतःच्या दारासमोर तीन ब्रास मुरूम टाकून घेतला. नगरपालिकेच्या माणसानं विचारलं तर म्हणाली, मन्हा भाऊना करता शे. त्या दिवाळीला आम्ही तिच्याकडे दोन दिवस राहिलो.

उताराशिवाय गाडीचे आणखी नियम होते. हॉर्न बटण दाबून वाजत नसे, स्टेअरिंग डावीकडे वळवलं की वाजे. उजवीकडची काच बाभळीच्या पाचरीवर उभी होती. आणि हीटर कधीच बंद करायचा नाही. एकदा इंजिन तापलं तेव्हा कोण्या मिस्तरीनं सांगितलं होतं की हीटर लावा, इंजिनची उष्णता बाहेर निघते. ते तत्त्व आप्पांना फार पटलं. वैशाखातल्या लग्नांना आम्ही हीटर लावून जात असू. आमच्याकडे वैशाखात बाहेरचा वारा अंग भाजतो, आणि आम्ही काचा उघडून त्या वाऱ्याची वाट पाहत असू. मांडवात पोचेपर्यंत मायच्या साडीची इस्त्री आणि माझी तोंडाची पावडर दोन्ही गेलेल्या असत.

पण गाव त्या गाडीला हसत नव्हतं, हेही सांगायला हवं. कोणाच्या घरी बाळंतपण अडलं, कोणाला साप चावला, कोणाचं म्हातारं माणूस छातीला हात लावून बसलं, की लोक आधी आप्पांकडे येत. येताना चौघं येत. एक आजारी आणि तीन ढकलायला, हे गावाला पाठ होतं. निवृत्तीनंतर माणसं ओट्यावर बसून पेपर वाचतात आणि दुपारी झोपतात. आप्पांना तसलं निवृत्त व्हायचं नव्हतं. गाडी होती म्हणून ते कामाचे होते.

आता कानबाईबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी तिची स्थापना, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिचे रोट करतात, जाड, गव्हाचे. आमच्या घराण्यात त्या रोटांचे गहू मोजायची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ टाकायची. मूठ घरच्या कर्त्यानं टाकायची. बायकांची मूठ नसते आणि पोरींची तर नसतेच. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडी त्याचा तुकडासुद्धा जाता कामा नये, आणि पुनवेच्या आत ते संपवायचे. देवाधर्माचं नाव काढलं की आप्पा न्यूटन काढतात, पण रोटाच्या बाबतीत ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसारखे कडक.

गाडी आली त्या वर्षी आप्पांनी गहू मोजायला घेतले. एक मूठ स्वतःची. एक माझ्या भावाची, तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो. एक भावाच्या मुलाची. मग त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

"हाई कोनी?" मायनं विचारलं.

"गाडीनी. घरमा येल शे ते घरनं."

माय काही बोलली नाही. बोलले मी.

"आन् मन्ही?"

"पोरीसनी नही टाकतस, तुले म्हाईत शे. पोरी परघर जातीस."

मी कुठे गेले होते? मी नवापूर तालुक्यात डोंगराकडच्या एका शाळेत शिकवते, आठवडाभर नवापूरला खोली घेऊन राहते आणि शनिवारी संध्याकाळी घरी येते. लग्न मी केलं नाही. का केलं नाही हे विचारायला दर रविवारी कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. सांगायचं एवढंच, की अकरा वर्षं मी दर श्रावणात त्या ताटासमोर बसले आणि अकरा वर्षं गाडीची मूठ पडताना पाहिली. मला राग येई. खोटं कशाला बोलू, गाडीचा राग येई. ढकलताना मी कधीकधी तिला गुडघा मारत असे.

आणि आप्पा मला ती चालवूही देत नसत. "तिले मन्हा पायनी सवय शे," हे त्यांचं उत्तर. मग मी नवापूरला ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं, तीस दिवस गुपचूप शिकले आणि लायसन काढलं. ते तीन वर्षं माझ्या पर्समध्ये आरशाच्या मागे पडून होतं. घरी सांगितलं नाही. सांगून काय, ढकलायला लायसन लागत नाही.

मागल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी गाडी पासिंगला न्यावी लागते, साहेब तपासतो, ठीक वाटली तर पुढची पाच वर्षं मिळतात, नाहीतर भंगार. तारीख मिळाली ती नेमकी कानबाईच्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी, बुधवारची. आप्पांना जेवण जाईना. रविवारी त्यांनी गाडीची मूठ टाकली ती सव्वा नव्हती, चांगली दीड होती.

"ती नापास व्हयनी का मी बी घरमा बसी जासू," ते मायला म्हणाले. "मंग मन्हा काय उपेग?"

माय म्हणाली, "निसता बसा, जग बुडत नही." पण तिनंही देवीपुढे आणखी एक नारळ ठेवला, तो मी पाहिला.

सोमवारी विसर्जनाला मी इतकी नाचले की पाय मुरगळला. घोटा सुजून टमाट्यासारखा झाला. शाळेत रजा टाकली. बुधवारी सकाळी आप्पा दारात उभे राहून एकदा पाटाच्या भरावावर लावलेल्या गाडीकडे आणि एकदा माझ्या पायाकडे बघत होते. मायचं अंग तापानं फणफणलं होतं. ढकलायला कोणीच नव्हतं.

"काही फिकर नही," आप्पा म्हणाले. "चालू करसू तं बंदच करनार नही."

पाटाच्या भरावावरून गाडी सुरू केली आणि आम्ही निघालो. सोबतीला मी, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात फडक्यात बांधलेला एक रोट. गाडीच्या नावाचे गहू, तर गाडीच्या वाट्याचा रोट गाडीतच बसून खायचा, हा आप्पांचा स्वतःचा शोध. दर वर्षी ते आणि माय तो रोट गाडीत बसून खात असत. त्या वर्षी पासिंगच्या धास्तीनं राहून गेला होता.

प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडला. नंदुरबारला पोचलो. पासिंगचं मैदान पाहून आप्पांचा चेहरा उतरला. मैदान आमच्या गावापेक्षा सपाट होतं. आमचा नंबर येईपर्यंत तास गेला आणि तो सगळा तास इंजिन चालू. हीटरही चालू. आम्ही दोघं आत उकडत होतो.

साहेब तरुण होता, लांब कुठल्यातरी जिल्ह्यातून बदलून आलेला. त्याच्या हातात पॅड होतं आणि सकाळपासून त्यानं काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"हॉर्न वाजवा," तो म्हणाला.

आप्पांनी स्टेअरिंग डावीकडे वळवलं. हॉर्न वाजला. साहेबानं पॅडवर काहीतरी लिहिलं.

"काच खाली घ्या." आप्पांनी पाचर काढली. काच दारात धाडकन पडली. साहेबानं आणखी काहीतरी लिहिलं.

"हीटर का चालू आहे?"

आप्पांनी उष्णतेच्या वहनाचं तत्त्व सांगायला सुरुवात केली. त्यांची शुद्ध मराठी अशा वेळी फार सुंदर असते. साहेब दोन मिनिटं ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "सर, गाडी बंद करा. चासी नंबर घ्यायचा आहे."

"चालू राहू द्या ना साहेब. इंजिन गरम असलेलं बरं."

"बंद करा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली. गाडी थांबली तेव्हा मैदानात एकदम शांतता झाल्यासारखं वाटलं.

नंबर घेऊन झाल्यावर साहेबानं कागद मागितले. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात होते. आप्पा घाम पुसत होते, त्यामुळे साहेबानंच खिडकीतून हात घालून कप्पा उघडला आणि कागदांबरोबर फडकं बाहेर काढलं.

"हे काय?"

रोट, असं सांगितलं असतं तर सगळी रीत समजावावी लागली असती. आप्पांनी सोपा शब्द वापरला.

"प्रसाद आहे, साहेब."

आणि साहेबानं जे कुठलाही चांगल्या घरातला माणूस करील तेच केलं. त्यानं पॅड काखेत धरलं, रोट कपाळाला लावला आणि उभ्या उभ्या खायला लागला. रोट चार दिवसांचा, कडक झालेला, पण भूकही तशीच होती. आप्पांचा हात हवेत अर्ध्यावर राहिला. प्रसाद खाणाऱ्याला थांबवता येत नाही आणि भाऊबंदांच्या रोटाला परक्याचं तोंड लागलेलं बघवत नाही. मी ओढणी तोंडाला लावून हसू दाबत होते.

"छान आहे," साहेब म्हणाला. त्यानं चुरा झटकला. "आता चालू करा."

आप्पांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. परत फिरवली. स्टार्टरला आळस होता.

"धक्का लागतो का?"

"क्वचित," आप्पा म्हणाले.

"मग मारा धक्का. ब्रेक बघायचे राहिलेत."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या घोट्याकडे पाहिलं. मागे रांगेत ट्रॅक्टरवाले आणि रिक्षावाले उभे होते, पण पासिंगच्या वेळी दुसऱ्याच्या गाडीला हात लावून आपला नंबर कोण घालवील? आप्पा खाली उतरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते गाडीच्या मागे गेले. मी लंगडत जाऊन त्यांच्या जागी बसले. दुखरा पाय डावा होता, क्लचचा. म्हटलं, दुखू दे.

"मॅडम, लायसन आहे?" साहेबानं विचारलं.

मी पर्स उघडली, आरसा बाजूला केला आणि लायसन दिलं. बाजूच्या आरशात मला आप्पा दिसत होते. दोन्ही हात डिकीवर ठेवून ते वाकले होते, आणि लायसन पाहून तसेच वाकलेले राहिले. ते माझ्याकडे नुसते बघत होते. त्यांना वाईट वाटलं हे मला इतक्या लांबूनही कळलं, आणि मलाही वाईट वाटलं. एवढं मोठं गुपित त्यांना असं मैदानात, परक्यासमोर कळायला नको होतं.

"ढकला, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी ढकललं. सत्तरीचा माणूस, पांढरा शर्ट, पायात चप्पल. दहा पावलांत त्यांचा श्वास मला आत ऐकू यायला लागला. मी आठ वर्षं मागून ढकललं होतं, त्यामुळे क्लच कधी सुटला म्हणजे गाडी पकडते आणि कधी सुटला म्हणजे झटका देऊन मेल्यासारखी पडते, ते माझ्या तळहातांना ठाऊक होतं. आप्पा नेहमी थोडा लवकर सोडत. मी तीन पावलं जास्त थांबले आणि सोडला. गाडी पहिल्याच धक्क्यात सुरू झाली. मी मैदानाला एक फेरी मारली, साहेबानं सांगितलं तिथे ब्रेक लावला आणि डावीकडे वळताना हॉर्न वाजवत परत आले.

साहेबानं नापास केलं. रोट खाऊन नापास केलं, पण त्याची चूक नव्हती. त्यानं दोषांची यादी दिली, ती कागदाच्या दोन्ही बाजूंना होती. "हे सगळं करून महिन्याभरात पुन्हा आणा," तो म्हणाला. "ब्रेक चांगले आहेत. गाडी टाकून द्यायची नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं आप्पांकडे बघून म्हटलं, आणि मला तो माणूस आवडला.

किल्ली त्यांनी मागितली नाही. ते येऊन डावीकडे बसले, आणि बसले तसे टुणकन उठले.

"हाई काय टोची ऱ्हायनं?"

"सीटनी स्प्रिंग शे."

"कधीपाईन?"

"मायले इचारा. तीच बसस तठे."

हीटरची झळ डाव्या सीटवर सरळ पायांवर येते, हेही त्यांना त्या दिवशीच समजलं. पूल आला तेव्हा त्यांनी हात लांबवला आणि हीटर बंद केला. इंजिनला काही झालं नाही.

घरी गेल्यावर त्यांनी मायला नापास झाल्याचं सांगितलं नाही, माझ्या लायसनचं सांगितलं नाही. आधी रोटाचं सांगितलं. माय तापात उठून बसली.

"परका मानूसनी खादा?"

"खादा. आख्खा."

मायनं बराच वेळ विचार केला. देवीचा कोप नको आणि साहेबाचं वाईटही नको, अशी वाट तिला शोधायची होती. ती तिला सापडली. "मंग आते तो परका कसा? तो आपला भाऊबंद व्हयना. पुढला साल त्यानी बी मूठ टाकनी पडी."

"भाऊबंदच शे," आप्पा म्हणाले. "पहिले आपलं खादं, मंग आपलीच गाडी पाडी."

गाडी महिनाभर शहाद्याला मिस्तरीकडे होती. स्टार्टर नवा, काच नवी, हॉर्न बटणावर आला. सीटची स्प्रिंग यादीत नव्हती, ती आप्पांनी सांगून बदलून घेतली. पुन्हा नेली तेव्हा तोच साहेब होता आणि गाडी पास झाली. किल्ली फिरवली की ती लगेच सुरू होऊ लागली. आप्पांना मात्र पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं होई. आत्याच्या दारात मुरूम अजून आहे, आम्ही अजून त्याच्यावरच गाडी लावतो. शनिवारी मला घ्यायला आप्पा बसस्टँडवर येतात, मी आले की उतरून डावीकडे जाऊन बसतात.

यंदाच्या श्रावणात पुन्हा ताट पुढे आलं. मी, माय आणि आप्पा. आप्पांनी एक मूठ स्वतःची टाकली. एक भावाची. एक नातवाची. एक गाडीची, बरोब्बर सव्वा. मग त्यांनी पाचवी मूठ भरली.

"हाई पासिंगना साहेबनी," ते म्हणाले, आणि टाकली.

माझं डोकं फिरलं. बारा वर्षांचं साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"एक रोट खादा त्या साहेबनी मूठ पडस," मी म्हटलं. "चार चाकंसनी पडस. आन् मन्ही नही?"

आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला आणि शेवटी तो फुटला. आप्पांचा हात गव्हाच्या पिशवीत होता. ते गव्हाकडे बघत होते. परघर जातीस, हे वाक्य आता येईल, म्हणून मी वाट पाहत होते.

"लायसन शे का तुन्हाकडे?" त्यांनी विचारलं.

"शे."

त्यांनी मूठ भरली. ताटावर धरली, माझं नाव घेतलं आणि सोडली. मग चिमटीत आणखी थोडे गहू घेऊन वरून टाकले, सव्वा करायला. मी पदर नसलेली बाई, ओढणीनंच डोळे पुसले.

पिशवीचं तोंड बांधायला आप्पांनी दोरी उचलली. तेवढ्यात मायनं त्यांच्या हातातून पिशवी ओढून आपल्याकडे घेतली. लग्नाला बेचाळीस वर्षं झालीत, त्या ताटाला तिनं सारवून जागा केली, त्या गव्हाचे खडे तिनं निवडले, पण त्यात तिचा हात कधी पडला नव्हता.

"मन्हाकडे लायसन नही," ती म्हणाली. "पन आठ वरीस मी बी ढकलेल शे."

आणि तिनं मूठ नाही, दोन्ही हातांनी ओंजळ टाकली.